कार्ड नवं, झटके जुनेच

चाकणला आमच्या लाइनवर नवा पोरगा आला की पहिल्याच दिवशी मी त्याला सांगतो, दहा स्टेशनं 40 सेकंदांत काम उरकत असली आणि अकराव्याला 58 लागत असले, तर माल 58 सेकंदांनीच बाहेर पडतो. हे शिकवण्याचाच मला पगार मिळतो. तरीही 2023च्या दिवाळी बोनसमधले 18,000 रुपये मी घरच्या कॉम्प्युटरमध्ये भलत्याच स्टेशनवर घातले.

कॉम्प्युटर 2017चा. आय5-7400 प्रोसेसर, म्हणजे चार कोर आणि थ्रेडही चारच. 8 जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स 1050 टीआय कार्ड. ‘सायबरपंक 2077’मध्ये गाडी भर वस्तीत शिरली की गेम धापा टाकायचा. मित्र म्हणाले, कार्ड बदल. सप्टेंबर 2022मध्ये इथेरियमचं मायनिंग संपल्यापासून वापरलेली कार्डंही बाजारात आली होती. 12 जीबीचं आरटीएक्स 3060 घेतलं आणि लोकलमध्ये खोका मांडीवर सांभाळत देहूरोडला उतरलो.

पहिली ठेच विजेची. जुनं कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॅटवर भागवायचं. 3060ला 170 वॅट लागतात, एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते, आणि सांगितलेला एसएमपीएस 550 वॅटचा. माझा 400चा, तोही नावालाच. तो बदलला. मग गेम लावला. सावल्या सुरेख, पाण्यात दिव्यांचं प्रतिबिंब झकास, आणि झटके जिथल्या तिथे!

टास्क मॅनेजर तेव्हा कुठे उघडला. प्रोसेसर 100 टक्क्यांवर, कार्ड 50च्या आसपास निवांत. गेमच्या किमान गरजांत आठ थ्रेडचा आय7-6700 लिहिलेला होता, तो मी वाचलाच नव्हता. दुकानदाराचा यात काही दोष नाही. मी कार्ड मागितलं, त्याने कार्ड दिलं.

म्हणून सांगतो, पैसे काढण्याआधी एक संध्याकाळ मोजणीला द्या. जिथे गेम अडकतो तिथेच उभे राहून रिझोल्यूशन 1080वरून 720वर आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या तर बहुधा प्रोसेसर. मात्र व्ही-सिंक आधी बंद करा, नाहीतर 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर आकडा 60लाच थांबेल आणि तुम्ही फसाल. प्रोसेसर एकूण 50 टक्के दिसला तरी एखादा कोर पूर्ण भरलेला असू शकतो, तेव्हा प्रत्येक कोरचा आलेख वेगळा पाहा. रॅम काठोकाठ भरलेली असेल तर आधी दुसरी पट्टी. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की प्रोसेसरलाही मदत होते. आणि कॅबिनेट उघडून साफ करा. आमचं घर जुन्या हायवेला लागून, पंख्याखाली धुळीची गादीच निघाली. तापलेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो.

प्रोसेसर घेतानाही मी घसरणारच होतो. आठव्या पिढीचा स्वस्तात मिळत होता, सॉकेटचं नाव तेच 1151. पण माझ्या 200 मालिकेच्या बोर्डावर तो चालत नाही. शेवटी वापरलेला आय7-7700 आणि 8 जीबीची आणखी एक पट्टी टाकली, तेव्हा झटके थांबले.

दुकानात जाल तेव्हा मदरबोर्डचं पूर्ण नाव, एसएमपीएसवरचं लेबल आणि टास्क मॅनेजरचा पडदा, तिन्हींचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या.