सिलिअ‍ॅक विकार : दुखणे पोटाचे, खूण पायांत

सिलिअ‍ॅक म्हटले की जुलाब, पोट फुगणे, वजन न वाढणारे मूल एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे यामागेही हा विकार असू शकतो, आणि तोही पोटाची तक्रार नसताना.

गहू, सातू व राय यांतील ग्लूटेनमुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मग बी-१२, फोलेट, तांबे नीट शोषले जात नाही व मज्जातंतू दुबळे होतात. काहींमध्ये हा हल्ला थेट लहान मेंदूवर होतो. त्याला 'ग्लूटेन अटॅक्सिया' म्हणतात. शेफील्डचे डॉ. हाजीवासिलिऊ यांनी १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये याकडे लक्ष वेधले.

भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा विकार उत्तरेत शंभरात एकाहून थोडा अधिक, तर दक्षिणेत हजारात एक आढळला. आनुवंशिक कल सारखाच होता. फरक होता गव्हाच्या खपात. भाकरी-भातावरून पोळी, ब्रेड आणि पिझ्झावर आलेल्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

तपासणी : मुंग्या आल्या की आपण मधुमेह किंवा शाकाहारामुळे बी-१२ची कमतरता गृहीत धरतो. उपचारांनी फरक न पडल्यास डॉक्टरांना 'टीटीजी-आयजीए' या रक्ततपासणीविषयी विचारा. त्याआधी गहू बंद करू नका. तपासणी फसवी ठरते. निदान पक्के करण्यासाठी बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. निदान झाल्यास आईवडील, भावंडे, मुले यांचीही तपासणी करावी.

उपचार : ग्लूटेन जन्मभर, काटेकोरपणे वर्ज्य, कमतरता असलेली जीवनसत्त्वे डॉक्टरांच्या सल्ल्याने. मज्जातंतूंची तक्रार पुष्कळदा सावकाश कमी होते. लहान मेंदूतील नष्ट झालेल्या पेशी मात्र परत येत नाहीत, म्हणून उशीर नको.

चालेल : तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, साबुदाणा, डाळी.

चालणार नाही : पोळी, रवा, मैदा, शेवया, कुरडया, सातूचे पीठ. भाजणी आणि मेतकुटातही बहुधा गहू असतो. डबीतल्या हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, लेबल वाचा. अमेरिकेत 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेल्या पदार्थांत ग्लूटेन दहा लाख भागांत २० भागांहून कमी असावे लागते. ज्वारीचे पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेले नाही ना, तेही पाहा.

खर्च : नेहमीच्या पदार्थापेक्षा जास्त पडलेली किंमत वैद्यकीय खर्चात धरता येते. पावत्या ठेवा व कर-सल्लागाराला विचारा.