ही वस्तू इथे आली कशी?

संग्रहालयात वस्तू आपण पाहतो, पण ती तिथे आली कशी, हे क्वचितच विचारतो. एक उदाहरण पाहू.

आजच्या नायजेरियातील बेनिन राज्याचे कारागीर आपल्या राजांची पितळी मस्तके ओतत असत. पितळ कुठले? जर्मन संशोधकांनी बुडालेल्या जहाजांतील पितळी कडी तपासली. २०२३ मध्ये त्यांनी दाखवले की त्यांचा धातू जर्मनीच्या ऱ्हाइन भागातला असून बेनिनच्या शिल्पांशी जुळतो. हीच कडी देऊन युरोपचे व्यापारी आफ्रिकेत माणसे विकत घेत.

१८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन लुटले. त्या लुटीतील एक मस्तक स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठाने १९५७ मध्ये लिलावात रीतसर विकत घेतले. पुढे विद्यापीठानेच त्याचा पूर्वेतिहास तपासला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ते नायजेरियाला परत दिले. पैसे मोजले म्हणून वस्तू न्यायाने आपली होतेच असे नाही, हे मान्य करणे हीच खरी विद्या, असे आम्हांस वाटते.

यापुढे संग्रहालयात जाल तेव्हा तीन प्रश्न वहीत लिहा: कोणी घडवली? कशाची? इथे कशी आली? पालकांनीही उत्तरे शोधण्यास मदत करावी, ही विनंती.