पाठीला लागलेली माती

मल्लविद्या आणि मुष्टियुद्ध हे दोन खेळ एका बाबतीत इतर खेळांहून निराळे आहेत. क्रिकेटमध्ये हार झाली तर ती अकरा जणांत वाटली जाते. सोबत्यास, मैदानास, फार तर पावसास दोष देण्यास जागा राहते. आखाड्यात अथवा मुष्टियुद्धाच्या रिंगणात हरणारा एकटाच हरतो व सर्वांच्या डोळ्यांदेखत हरतो. खाली पडलेल्या मुष्टियोद्ध्यासमोर निदान दहा आकडे तरी मोजले जातात. कुस्तीत तेवढीही उसंत नाही. दोन्ही खांदे टेकले की निकाल झाला. आमच्या भाषेने या क्षणास 'अस्मान दाखविणे' असे मार्मिक नाव दिले आहे. उताण्या पडलेल्यास दुसरे काय दिसणार!

आमच्या जिल्ह्यातील जत्रांचे हगामे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ठाऊक आहे की, आरंभ रेवड्यांवरील कुस्त्यांनी होतो. पाठीला माती लागलेले पोर क्षणभर डोळे पुसते, अंग झाडते आणि पुढल्या गावच्या जत्रेत पुन्हा लांग चढवून उभे राहते. मधल्या दिवसांत त्याचा वस्ताद त्याची चौकशी करतो: भार कोणत्या पायावर होता, मान का दिलीस, हात कोठे सापडला? जिंकलेल्या पोरास हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याच्या अंगचा दोष त्याच्यापाशीच सुखरूप राहतो.

हा दोष किती काळ लपून राहू शकतो याचे उदाहरण मुष्टियुद्धाच्या इतिहासात आहे. अमेरिकेचा जो लुई हा व्यावसायिक सामन्यांत अजिंक्य होता. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर तो हात खाली येऊ देण्याची त्यास खोड होती. परंतु प्रत्येक सामना जिंकीत असल्यामुळे ती कोणास खुपली नाही. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने लुईच्या लढतींची चलच्चित्रे पाहून ती हेरली आणि 19 जून 1936 रोजी बाराव्या फेरीत त्यास पाडले. दोन वर्षांनी, 22 जून 1938 रोजी, तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी सामना पहिल्याच फेरीत, अवघ्या दोन मिनिटे चार सेकंदांत संपला. पडला तो श्मेलिंग.

आपल्याकडे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांची सारी तालीम मातीतली होती. गादीवरची कुस्ती व तिचे नियम त्यांस नवे होते. ते सहावे आले. घरी परतल्यावर सहावा क्रमांकही मिरविता आला असता. परंतु त्यांनी पुढील चार वर्षे कसून मेहनत केली.

येथवर आम्ही जी हार धरली ती खरी हार होय. परंतु हार खोटी वाटली तर? हा प्रश्न आमच्याच शहरात उभा राहिला. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या अखेरच्या कुस्त्या झाल्या. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांस चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे; रागाच्या भरात त्यांनी पंचांस लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड यांनीही निर्णयावर नाराज होऊन गादी सोडली. मोहोळ विजयी ठरले आणि त्या दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची शिक्षा जाहीर झाली.

खांदे टेकले होते की नव्हते, याचा न्याय आम्ही करू इच्छीत नाही. मातीत पाठच पुष्कळदा साक्ष देते. गादीवर मागे काहीच खूण उरत नाही, सारा भार पंचांच्या डोळ्यांवर, आणि डोळे चुकू शकतात. म्हणून दाद मागण्याची वाट खुली व जलद हवी, हे मान्यच आहे. मात्र त्या लाथेनंतर खांद्यांची गोष्ट मागे पडली आणि गावोगावी चर्चा लाथेचीच झाली. ज्याचे म्हणणे कदाचित ऐकून घेण्याजोगे होते, त्यानेच ते बुडविले असे आम्हांस वाटते.

खाशाबांवरही असा प्रसंग आला होता. हेलसिंकीसाठी निवड होण्यापूर्वी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत केवळ एका गुणाने निकाल त्यांच्याविरुद्ध गेला, आणि तो पक्षपाताचा आहे असे त्यांचे मत होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. निवडचाचणीत उतरण्याची संधी मिळताच त्यांनी त्याच प्रतिस्पर्ध्यास चीत केले. प्रवासखर्चाचा प्रश्न उरला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत जुलै 1952 मध्ये खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस हरविले. नंतर जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ कुस्तीत ते हरले. पुरती विश्रांती न देताच त्यांस सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्यासमोर उभे केले गेले, आणि हरकत घेण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. तीही कुस्ती ते हरले. त्या दोन पराभवांनंतर त्यांच्या हाती आलेले कांस्यपदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.