आधी खालच्या मजल्यावर जा

चि. ओंकारास,


काल रात्री ताईचा फोन आला. हॉलमधला फिशटँक फुटला, पाणी बेडरूमपर्यंत गेलं, खालच्या काकूंच्या छतातूनही ठिपकायला लागलं, हे कळलं. कुणाला काच लागली नाही आणि तू आधी मेन स्विच पाडलास, फार बरं केलंस. भिजलेले बोर्ड वायरमनने तपासल्याशिवाय वापरू नकोस. आरसीसीबी पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करू नकोस. कुठेतरी ओल आहे म्हणूनच तो पडतो.

तुझा टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे जवळपास अडीचशे लिटर पाणी. तुम्ही बादल्यांनी काढलंत ते निम्मं असेल. बाकीचं फरशीच्या सांध्यांतून खालच्या भरावात आणि स्कर्टिंगच्या मागे गेलंय. ते हळूहळू खालीच उतरणार. म्हणून हे पत्र वाचून झालं की काकूंकडे जा. मोबाइलवर निरोप नको, स्वतः जा. छताचे फोटो दोघांनी मिळून काढा. पीओपी फुगलं असेल तर त्याखाली कुणी बसू-झोपू नये, हे सांग. ‘छत वाळलं की दुरुस्ती आणि रंग मी करून देतो,’ हे त्यांनी मागण्याआधी तू म्हण. पाणी आपल्या घरातलं, तेव्हा जबाबदारीही आपली. शेजाऱ्याने तक्रार घेऊन जिना चढायची वेळ येऊ देऊ नये.

घराचा विमा असेल तर आजच कळव. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भिजलेलं सामान आणि टँकच्या काचा टाकू नकोस.

आता वाळवण्याचं. बुरशी एक-दोन दिवसांत धरते, म्हणून इथे घाई कर. कपाटं भिंतीपासून ओढ, खालचे खण रिकामे कर, पंखे जमिनीलगत लाव. पावसाळी हवेत खिडक्या उघडून ओल जात नाही; दारं-खिडक्या लावून एसी ‘ड्राय’वर चालव. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की पूर्ववत होत नाही, त्यावर पैसे घालू नकोस.

रंगाला मात्र अजिबात घाई नको. रंगारी म्हणेल, ‘पुट्टी मारून देतो, दोन दिवसांचं काम.’ ऐकू नकोस. ओल्या भिंतीवरच्या रंगाला पोपडे येतातच. भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लाव आणि दुसऱ्या दिवशी काढून बघ. आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे. मधल्या काळात पांढरी भुकटी दिसेल, ते क्षार. कोरड्या ब्रशने झाड. पाण्याने धुतलेस तर विरघळून पुन्हा आत जातील.

मासे बादलीत आहेत, तिथे एअर पंप चालू ठेव आणि फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेव. पाणी शुद्ध ठेवणारे जीवाणू त्यातच असतात.

नवा टँक जरूर घे. छंद सोडू नकोस. फक्त स्टँड स्पिरिट लेव्हल लावून समतल कर, टँकखाली थर्माकोल घाल, आणि एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेव. तो खाली असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येतं. तसा ठेवावाच लागला तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसव.

काकू काय म्हणाल्या ते संध्याकाळी फोन करून सांग. खर्चाला कमी पडलं तर संकोच करू नकोस.

तुझा,
मामा