सर्वांत वाईट दहा किलोमीटर

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईत स्पिती-लडाखचे बेत शिजू लागतात. त्यांच्याबरोबर तो वादही येतोच: डोंगरात स्पोर्ट्‌स बाइक न्यावी की अ‍ॅडव्हेंचर? खालच्या गप्पांमधली भाची रोज यामाहा आर-१५ चालवते. मामाचं पुण्यात गॅरेज आहे, आणि सह्याद्रीतले घाट काय किंवा हिमालयातल्या खिंडी काय, तो दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर हिंडलेला आहे.

भाची: मामा, जुलैत स्पितीला जायचं पक्कं झालंय. मनाली, कुंझुम खिंड, काझा. ग्रुपमधले सगळे मागे लागलेत की ही गाडी विक आणि अ‍ॅडव्हेंचर घे. मला माझी गाडी आवडते रे.

मामा: आवडू दे की. गाडीचं नंतर बोलू, आधी रस्ता बघू. मनाली ते काझा साधारण दोनशे किलोमीटर. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, त्यामुळे रोहतांग न चढता नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट लाहौलमध्ये निघता येतं. कोकसरपर्यंत गुळगुळीत डांबर. खरा प्रश्न त्यानंतर. ग्रांफूहून वळलीस की छत्रू, बातल आणि मग कुंझुमची चढण. चंद्रा नदी बाजूला, वरून येणारे नाले रस्त्यावरून वाहतात, आणि रस्ता म्हणजे गोटे.

भाची: व्हिडिओत बघितलंय. रस्ता कुठला आणि नदीचं पात्र कुठलं, कळतच नव्हतं.

मामा: तिथे रुंदीकरणाची कामं चालू असतात, पण हा तुकडा ओळखला जातो तो गोट्यांसाठीच. डांबरावर कुठलीही गाडी पळते. माणूस अडकतो, पडतो, गाडी मोडून बसतो ते अशा दहा किलोमीटरांत. म्हणून गाडी निवडायची ती वाटेतल्या सर्वांत वाईट दहा किलोमीटरांकडे बघून. उरलेले कशावरही होतील.

भाची: पण डोंगर म्हणजे वळणं ना? आणि वळणात स्पोर्ट्‌स बाइकसारखी गाडी नाही.

मामा: ट्रॅकवर नाहीच. घाटाचा हिशोब वेगळा पडतो. समज, वीस मीटर त्रिज्येचं वळण आहे, म्हणजे घाटातलं बऱ्यापैकी मोकळं. गाडी तीस अंश झुकवलीस तर ते ताशी ३८ किलोमीटरने निघतं. पंचेचाळीस अंश झुकवलीस तर ५० ने. तीस अंश कुठलीही अ‍ॅडव्हेंचर आरामात झुकते. म्हणजे स्पोर्ट्‌स बाइकची मिरवायची कमाई ती मधल्या बारा किलोमीटरची.

भाची: बारा किलोमीटर म्हणजे काही कमी नाहीत.

मामा: आता थांबायचा हिशोब कर. ३८ च्या वेगात समोर म्हैस दिसली. दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धर. गाडी उभी राहायला सगळे मिळून वीसेक मीटर लागतात. ५० च्या वेगात तीस लागतात, आणि तेही गाडी सरळ असताना. झुकलेल्या गाडीला एवढा ब्रेक लावता येत नाही. डावीकडे डोंगर असलेल्या डाव्या वळणात कड्याआडून पुढचा रस्ता दिसतो किती? बरेचदा वीस मीटरही नाही. म्हणजे तो जास्तीचा झुकाव आपल्याकडे असूनही वापरता येत नाही. घाटातला वेग नजर ठरवते, टायर नाही.

भाची: मग स्पोर्ट्‌स बाइक घाटात न्यायचीच नाही?

मामा: असं कुठे म्हटलं मी? वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने चढ. फेब्रुवारीची सकाळ, कोरडं डांबर, रहदारी कमी. तिथे तुझ्या गाडीला तोड नाही. पुढचं चाक रस्त्यावर काय करतंय ते हँडलमधून हातात कळतं. अ‍ॅडव्हेंचरचे शॉकअप लांब असतात, ब्रेक दाबला की पुढून खाली बसते आणि वळणात शिरताना क्षणभर डुलते. मोठं चाक वळायलाही जरा सुस्त. हा फरक खरा आहे आणि त्यातला आनंदही खरा आहे. हाच पसरणी संपवून पुढे महाबळेश्वरवरून आंबेनळीने पोलादपूरला उतर, आणि मग मनगटांना विचार कसं वाटतंय.

भाची: दुखतात. अर्ध्या घाटातच हात झटकावे लागतात.

मामा: त्याचं कारण समजून घे. तुझं हँडल खाली आणि पुढे आहे, त्यामुळे अंगाचं वजन हातांवर येतं. हायवेला शंभरच्या आसपास समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि हात सुटे होतात. ती बसायची ढब त्या वेगासाठीच आखलेली असते. घाटात तीस-चाळीसच्या वेगात तो वारा कुठून येणार? त्यात उतार, आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक. अख्खं शरीर पुढे सरकतं, हात ताठ होतात, आणि ताठ हातांनी हँडल नीट वळत नाही. उतरताना गुडघ्यांनी टाकी घट्ट धर, पाठ आणि पोट वापर, हात सैल ठेव. वेग धरायचं काम इंजिनाला दे: दुसऱ्या गिअरवर उतर, ब्रेक धरून बसू नकोस. निम्मं दुखणं जाईल. उरलेलं निम्मं त्या गाडीबरोबर येतंच.

भाची: आणि पावसाळ्यात?

मामा: पावसाळ्यात वरंधा किंवा ताम्हिणी. कोपऱ्यातल्या सावलीत शेवाळ धरलेलं, दरडीची माती आणि खडी रस्त्यावर आलेली, चढावर एखाद्या भरलेल्या टेम्पोचं डिझेल सांडलेलं. तिथे कुठलीच गाडी झुकवायची नसते. सरळ बसून, रुंद हँडल हातात, नजर लांबवर. ती बसायची पद्धत अ‍ॅडव्हेंचरची आहे. एक मात्र लक्षात ठेव, जाड गोट्या-गोट्यांचे ऑफरोड टायर ओल्या डांबरावर साध्या रस्त्याच्या टायरइतके धरत नाहीत. नुसती उंच गाडी घेतली म्हणजे पावसात सुरक्षित झालो, असं समजून फिरणारी पोरं दिसली की मला काळजी वाटते.

भाची: बरं, मग त्या गोट्यांवर नेमका फरक काय पडतो? इंजिन तर सारखंच असू शकतं.

मामा: छान विचारलंस. आपल्या चाकणचंच उदाहरण घे. बजाजच्या कारखान्यात केटीएमची आरसी ३९० बनायची आणि ३९० अ‍ॅडव्हेंचरही. २०२० ची अ‍ॅडव्हेंचर आली तेव्हा दोन्हींत तेच ३७३ सीसीचं इंजिन. पण आरसीचा पुढचा शॉकअप १२० मिलिमीटर दबतो, अ‍ॅडव्हेंचरचा १७०. आरसीला दोन्ही चाकं १७ इंची, अ‍ॅडव्हेंचरला पुढचं १९. रॉयल एन्फील्डच्या हिमालयन ४५० चं तर पुढचं चाक २१ इंची आणि शॉकअप २०० मिलिमीटर.

भाची: आकडे झाले. चालवताना काय होतं?

मामा: मूठभर उंचीचा दगड समोर आला. लहान चाक त्याला जवळजवळ उभ्या कडेसारखं भिडतं, मोठं चाक तिरकं भिडून वर चढतं. पोराची छोटी सायकल ज्या खळग्यात अडकते, त्यातून मोठी सायकल निघून जाते ना, तसंच. धक्का बसल्यावर शॉकअपला दबायला जागा हवी. जागा संपली की खाड्‌कन आवाज येतो आणि तो धक्का थेट हँडलवर, रिमवर आणि तुझ्या कमरेवर. अलॉय रिमची कड अशीच वाकते. शिवाय तुझ्या गाडीचं पोट जमिनीपासून १७० मिलिमीटरवर, हिमालयनचं २३० वर. दगड पोटाला घासला तर आधी फेअरिंग फुटतं, ते स्वस्तात सुटलो म्हणायचं. वाईट म्हणजे इंजिनखालचा ऑइलचा बोल्ट किंवा चेंबर गेला तर. बातलला तो कोण बदलून देणार?

भाची: आणि उभं राहून चालवतात ते?

मामा: ते दिसायला ऐटीचं असलं तरी करतात कामासाठी. फूटरेस्टवर उभी राहिलीस की गाडी खाली हवी तशी नाचते आणि तू वर स्थिर राहतेस. गुडघे शॉकअपचं काम करतात. अ‍ॅडव्हेंचरचं हँडल उंच, फूटरेस्ट बरोबर खाली, म्हणून ते जमतं. तुझ्या गाडीवर उभी राहशील तर कमरेत काटकोनात वाकावं लागेल.

भाची: उंचीवर गाडी दमते म्हणतात, ते खरं का?

मामा: खरं आहे. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७-५८ टक्के. इंजिनाला हवा तेवढीच मिळते, म्हणून ताकदही जवळपास तेवढीच. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल कमी करून मिश्रण सांभाळतं, पण नसलेली हवा आणणार कुठून? तुझी १८ हॉर्सपॉवरची गाडी तिथे दहाच्या आसपास येते. त्यातून तिचा सगळा जोर ७,५०० फेऱ्यांना, १४ न्यूटन-मीटर. हिमालयनचा ४० न्यूटन-मीटर, तोही ५,५०० ला. गोट्यांतून पायी चालण्याच्या वेगाने चढताना इंजिन वरच्या फेऱ्यांत ठेवायचं म्हणजे क्लच घासत राहायचा. क्लच प्लेटा जळाल्याचा वास कुंझुमच्या चढावर किती गाड्यांना येतो! बंद पडतेच असं नाही. लोक तिथे शंभर सीसीच्या गाड्याही चढवतात. पण सामान बांधून, मागे कुणाला बसवून नाही.

भाची: म्हणजे हिमालयन घ्यायची?

मामा: उभी राहा. पाच फूट दोन इंच ना तू?

भाची: तीन.

मामा: बरं, तीन. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटर, वजन १९६ किलो. सपाटीवर तुझा एक पाय टेकेल, चवड्यावर. आता घाटातलं उलटं वळण, समोर एसटी आली आणि थांबावं लागलं. रस्ता एका अंगाला कललेला. दहा टक्के उतार धर. फूटभर बाजूला टेकलेला पाय आणखी तीन सेंटीमीटर खाली जातो. पाय पोचला नाही की गाडी तिकडेच जाते. उंच गाड्या पडतात त्या बहुतेक अशा, उभ्या-उभ्या. म्हणून उंचवट्याच्या बाजूचाच पाय टेकायचा, आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवता आला तर उत्तम.

भाची: पडली तर?

मामा: इंजिन बंद. गिअर टाकलेला असू दे. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढ, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे जाणार नाही. गाडीकडे पाठ कर, कंबर सीटला लाव, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे चालत चालत उचल. पुण्यात एकदा-दोनदा जमेल. चार हजार मीटरवर एका उचलण्यात माणूस पाच मिनिटं बसून राहतो. म्हणून वजनाला मी सगळ्यांत जास्त मान देतो. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली, दुसऱ्याच वर्षी पॅरिस-डाकार शर्यत जिंकली, आणि मोठी अ‍ॅडव्हेंचर म्हणजेच प्रवासाची गाडी असं जगभर ठरून गेलं. आज तिच्या पुढच्या पिढ्या अडीचशे किलोच्या घरात आहेत. युरोपातल्या डांबरी खिंडींत त्या झकास आहेत. छत्रूच्या नाल्यात एकट्याने आडवी झालेली अडीचशे किलोची गाडी कुणाच्या कामाची?

भाची: मग हलकी कुठली?

मामा: हीरोची एक्सपल्स २०० बघ. दीडशे किलोच्या थोडी वर, पुढे २१ इंची चाक, पोट २२० मिलिमीटर उंच. हायवेला ती तुझ्या गाडीपुढे कंटाळवाणी वाटेल, चंडीगडपर्यंतचा पल्ला जिवावर येईल. तारांची चाकं, म्हणून टायरात ट्यूब. पंक्चर झालं तर चाक खोलावं लागतं, तुझ्या ट्यूबलेससारखं दहा मिनिटांत दोरी भरून निघता येत नाही. खोलायला शिकून जा. पण पडली तर तू एकटी उचलशील.

भाची: आणि माझी गाडी?

मामा: विकू नकोस. स्पितीला तिच्यावरच जायचा हट्ट असेल तर शिमल्याकडून जा. नारकंडा, रामपूर, नाको, ताबो करत काझाला पोचतेस. तो रस्ता बराचसा डांबरी आहे आणि चढण हळूहळू होते, म्हणून डोकंही कमी दुखतं. काझाहून तशीच परत ये. कुंझुम ओलांडायचाच असेल तर मनालीत हलकी अ‍ॅडव्हेंचर भाड्याने घे, नाले सकाळी लवकर ओलांड, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. पाण्यात शिरलीस की पहिला गिअर, क्लच सोडलेला, नजर पलीकडच्या काठावर.

भाची: आणि उद्या एकच गाडी ठेवायची वेळ आली तर?

मामा: पसरणी आणि खंबाटकी एवढंच फिरणार असशील तर आर-१५ ठेव, मी अडवणार नाही. स्पिती, लडाख, भर पावसातला वरंधा, मागे सामान, हे सगळं एका गाडीवर करायचं असेल तर दोनशे किलोच्या आतली अ‍ॅडव्हेंचर घे. शोरूममध्ये नुसती बसून बघू नकोस. विक्रेत्याला ती उताराकडे तोंड करून लावायला सांग, आणि स्वतः मागे ओढून बाहेर काढ. निघत नसेल तर त्याहून हलकी बघ.