दोरीची ढोलकी घरच्या घरी स्वरात कशी लावावी?



पोळा झाला की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात सणांची रांग लागते. गणपती येतात, मग नवरात्र येते आणि कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या काकड आरत्या चालतात. या सगळ्यांत भजन असतेच. भजनाला पेटी लागते, टाळ लागतात आणि ठेक्यासाठी मृदंग किंवा ढोलकी लागते. पण पुष्कळ घरांत ढोलकी खुंटीला टांगलेली दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले असते : “उतरली आहे. कुणी नागपूरला गेले की नेऊ.” आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता सण निघून जातो.

म्हणून या अंकात आम्ही हा पाठ घेतला आहे. दोरीची ढोलकी मुळात घरच्या माणसाला चढवता-उतरवता यावी अशीच बांधलेली असते. कारागिराचे काम वेगळे आणि घरचे काम वेगळे. यांतील घरचे काम कोणते आणि ते कसे करावे, ते आता क्रमाने पाहू.

ढोलकीची ओळख

ढोलकीचे लाकडी पोकळ अंग म्हणजे खोड. खोडाच्या दोन तोंडांवर दोन पुड्या असतात. उजव्या हाताच्या लहान तोंडावर शाई-पुडी असते. तिच्या मधोमध काळी शाई असते, कडेला कातड्याची पट्टी असते तिला चाट म्हणतात आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या भागाला मैदान म्हणतात. शाई ही लोखंडाची बारीक भुकटी आणि खळ यांचे थरावर थर घोटून बनवतात. डाव्या हाताच्या मोठ्या तोंडावर धुम असते. तिच्या आतल्या बाजूने मसाला लावलेला असतो. म्हणून तिचा आवाज खोल आणि घुमारेदार निघतो.

दोन्ही पुड्या एकाच दोरीने ताणलेल्या असतात. ही दोरी एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे नागमोडी जाते. शेजारच्या दोन-दोन दोऱ्यांवर एकेक धातूची कडी ओवलेली असते. हिंदीत तिला छल्ला म्हणतात. कडी म्हणजेच ढोलकीची किल्ली. दोन दोऱ्या जिथे एकत्र येतात तिथून त्या जिथे फाकतात त्या बाजूला कडी सरकवली, की फाकलेल्या दोऱ्या जवळ येतात, ताण वाढतो आणि ढोलकी चढते. कडी उलट सरकवली की ताण सुटतो आणि ढोलकी उतरते.

मृदंग-पखवाजाला दोरीऐवजी चामड्याची वादी असते आणि वादीखाली लाकडी गठ्ठे असतात. तिथे हातोडीने गठ्ठे सरकवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे घरोघर पोहोचलेल्या खंजिरीला दोरीही नसते आणि वादीही नसते. हल्ली नटबोल्टच्या ढोलक्याही मिळतात, त्या पान्याने कसतात. हा पाठ मात्र दोरी-कडीच्या ढोलकीचा आहे.

स्वर का उतरतो?

कातडे हवेतले पाणी शोषून घेते. श्रावण-भाद्रपदात हवा ओली असते, तेव्हा पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा कातडे सुकून आखडते आणि स्वर आपोआप चढतो. ताण फारच वाढला तर पुडी कोणी हात न लावताही फाटते. दोरीचाही परिणाम होतो. सुती दोरी भिजली की आखडते आणि वाळली की सैल पडते, हे विहिरीवरचा दोर वापरलेल्या घरांना सांगायला नको. नायलॉनची नवी दोरी सुरुवातीचे काही दिवस ताणाने लांबत जाते. म्हणून नवी दोरी भरलेली ढोलकी पहिल्या आठवड्यात पुन्हा पुन्हा उतरली, तर कारागिराला दोष देऊ नये.

याचा अर्थ असा की ढोलकी उतरणे हा बिघाड नाही. ते ऋतूप्रमाणे होणारच. बैलगाडीच्या आसाला जसे वंगण द्यावे लागते, तशी ढोलकीही वेळोवेळी लावावी लागते.

कृती

*साहित्य :* पेटी किंवा तंबोऱ्याचा स्वर, खडू, कोरडे सुती फडके आणि शांत खोली. पंखा बंद ठेवावा.

१. जिथे वाजवायची आहे त्याच खोलीत ढोलकी अर्धा तास ठेवावी. बाहेरून आणल्या आणल्या लावली तर ती नंतर पुन्हा बदलते.

२. आधी डोळ्यांनी तपासावे. दोरी कुठे झिजली आहे का, चाटेजवळ पुडीला चीर आहे का, शाईचे तुकडे हलतात का, खोडाला तडा आहे का, हे पाहावे. यांपैकी काहीही आढळले तर ताण वाढवू नये.

३. सगळ्या कड्या साधारण एका रेषेत आणाव्यात. मग प्रत्येक कडीजवळ खोडावर खडूने १, २, ३ असे आकडे टाकावेत.

४. आता शाई-पुडीच्या चाटेवर तर्जनीने हलकेच ‘ना’ वाजवावा. अनामिका शाईच्या काठाला अलगद टेकवावी, म्हणजे स्वर स्वच्छ ऐकू येतो. असे चाटेवर गोल फिरत प्रत्येक आकड्यासमोर वाजवावे आणि कुठे स्वर चढा आहे, कुठे उतरलेला आहे ते वहीत लिहावे.

५. पहिले काम म्हणजे सगळीकडचा स्वर सारखा करणे. पेटीकडे अजून पाहायचे नाही. जिथे स्वर सर्वांत उतरलेला आहे तिथली कडी अगदी थोडी, गव्हाच्या दाण्याएवढी, सरकवावी आणि पुन्हा ऐकावे. जिथे फार चढा आहे तिथली तेवढीच सैल करावी.

६. सगळीकडे सारखे झाले की मग पेटीवर गाणाऱ्याचा षड्ज धरावा. कोणी काळी एकमध्ये गातो, तर कोणी काळी चारमध्ये. त्या स्वरापर्यंत ढोलकी चढवताना कड्या ओळीने सरकवू नयेत. एक कडी सरकवली की तिच्या बरोबर समोरची सरकवावी, मग आडवी जोडी घ्यावी. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आपण असेच समोरासमोर कसतो, त्याचे कारणही हेच आहे. एका बाजूने कसत गेले तर पुडी तिरपी बसते आणि ताण एका जागी जमून ती तिथेच फाटते.

७. एक फेरा पूर्ण झाला की पाच मिनिटे थांबावे, थोडे वाजवावे आणि पुन्हा ऐकावे. दोरी आणि कातडे आपली जागा घेतात, त्यामुळे स्वर किंचित उतरतो. दुसरा फेरा अगदी हलका घ्यावा.

८. शेवटी धुम ऐकावी. दोरी एकच असल्यामुळे शाई-पुडी चढवली की धुमही थोडी ताणली जाते. धुमेचा आवाज गोल आणि खोल असेल तर ढोलकी लागली. तो पातळ, टणटण येऊ लागला, तर या ढोलकीला झेपेल त्यापेक्षा आपण तिला वर नेले आहे. अशा वेळी अर्धा स्वर उतरवून गाणाऱ्यानेच थोडे खाली यावे, किंवा लहान तोंडाची दुसरी ढोलकी घ्यावी.

वाजवून झाल्यावर प्रत्येक कडी थोडी सैल करून ठेवावी. घाम लागलेली पुडी कोरड्या फडक्याने पुसावी.

यामागचे विज्ञान

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : पुडीची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पांढरी एकवरून पांढरी दोनवर, म्हणजे एक पूर्ण स्वर वर जायचे, तर कंपनसंख्या सुमारे १२ टक्के वाढवावी लागते. त्यासाठी ताण मात्र सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो. एक सप्तक वर जायचे तर कंपनसंख्या दुप्पट करावी लागते, म्हणजे ताण चौपट! कोणतीही पुडी ते सहन करणार नाही. कडी दाण्यादाण्याने का सरकवायची, ते या हिशेबावरून कळते.

दुसरा प्रश्न असा की शाई कशासाठी? साध्या गोल पडद्यावर थाप मारली तर मूळ कंपनसंख्येच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वरची कंपने निघतात. ही एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नुसता ‘धप्प’ आवाज येतो, स्वर येत नाही. मधोमध शाईचे वजन दिले की वरची कंपने मूळ कंपनसंख्येच्या २ पट, ३ पट अशी जवळजवळ पूर्णांकात येतात आणि कानाला स्वर लागतो. ही गोष्ट सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मृदंग-तबल्यावर प्रयोग करून दाखवली. १९२० साली त्यांनी एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावर लिहिले आणि १९३४ साली पुन्हा सविस्तर मांडणी केली. हेच रामन सरकारी नोकरीत असताना काही काळ आपल्या शेजारच्या नागपुरात होते. १९३० साली त्यांना प्रकाशाच्या विकिरणावरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण ज्या कारागिरांनी शाई घोटली, त्यांनी ही जुळणी पिढ्यान्‌पिढ्या केवळ कानाने साधली होती.

हे करू नये

डफ शेकोटीवर शेकतात हे मुलांनी पाहिलेले असते. ढोलकी मात्र कधीही शेकू नये आणि उन्हातही ठेवू नये, कारण शाईला तडे जातात आणि मसाला पाघळतो. पावसाळ्यात हवा ओली असेल तर ढोलकी कापडी खोळीत घालून कोरड्या खोलीत, भिंतीपासून दूर ठेवावी. मातीच्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नये. पुडीवर पाणी लावू नये. कडी अडली तर पक्कडीने ओढू नये, कारण दोरी कापली जाते. शेजारच्या कड्या थोड्या सैल केल्या की अडलेली कडी हाताने सरकते.

शाई उखडणे, पुडी फाटणे, मसाला सुटणे आणि दोरी नव्याने भरणे ही चार कामे कारागिराची आहेत. ती त्यालाच द्यावीत आणि त्याचे मोल न कुरकुरता द्यावे. पुडी मढवणारे हात कमी झाले, तर आपण ढोलकी कितीही नीट लावली तरी ती फार काळ टिकणार नाही.

पालक आणि विश्वस्तांसाठी दोन शब्द

१ नोव्हेंबर १९५६ नंतर आपला भाग मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. या सगळ्या काळात कचेरीची भाषा हिंदी राहिली. मराठी टिकली ती घरात, शाळेत आणि भजनात. भजनात बसलेले मूल अभंगाचे शब्द अर्थ कळण्याआधीच तोंडपाठ करते. ढोलकी मुकी झाली की आधी ठेका जातो, मग मुले उठून जातात आणि शेवटी चार वयस्क मंडळी उरतात. मोबाईलवरचा तयार ठेका लावून काम भागते असे वाटते, पण तो गाणाऱ्यासाठी थांबत नाही आणि मुलाच्या हाताला काही शिकवत नाही.

आणखी एक गोष्ट अशी की उतरलेल्या ढोलकीवर शिकणाऱ्या मुलाचा कान बेसूर आवाजालाच सरावतो. ती सवय पुढे मोडणे कठीण जाते. म्हणून आमची विनंती आहे :

• शाळेच्या वाद्यांची जबाबदारी दर वर्षी दोन विद्यार्थ्यांवर नावानिशी सोपवावी. एक वरच्या वर्गातील असावा आणि एक खालच्या. मोठ्याने लहानाला शिकवावे.

• नवी ढोलकी घेताना दोरीची की नटबोल्टची याचा विचार करावा. नटबोल्टची लवकर लागते, पण वजनाला जड असते. दोरीची हलकी असते आणि तिच्यावर कान तयार होतो. शक्य तर दोन्ही ठेवाव्यात.

• ज्या घरातील आजोबांना किंवा काकांना ढोलकी चढवता येते, त्यांना एक तास शाळेत बोलवावे. लेख वाचून जे समजत नाही ते त्यांच्या बोटांकडे पाहून समजते.

करून पाहा

१. एका वहीत तारीख, हवा (ओली / कोरडी) आणि पेटीवर जुळलेला स्वर असे तीन रकाने करा. पोळ्यापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत दर रविवारी नोंद करा. स्वर कोणत्या आठवड्यात सर्वांत जास्त उतरला?

२. ढोलकीची एकच कडी थोडी सैल करा आणि चाटेवर गोल फिरत ऐका. स्वर फक्त त्याच जागी बदलला, की शेजारीही? का?

३. कंपनसंख्या दीडपट करायची असेल तर ताण किती पट करावा लागेल? (उत्तर : २.२५ पट.)

४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : आपल्या गावात ढोलकीच्या निरनिराळ्या भागांना काय म्हणतात? ते शब्द लिहून आणा. पुढच्या अंकात आम्ही ते छापू.