घटक 3 : औंध – भूमी, लोक आणि इतिहास

3.1 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
● औंधच्या भौगोलिक स्थितीचा लोकजीवनावरील परिणाम स्पष्ट करता येईल.
● 1939 च्या ग्रामस्वराज्य प्रयोगाचे स्वरूप व मर्यादा सांगता येतील.
● स्थानिक इतिहास आणि साहित्य यांचा संबंध उलगडता येईल.

3.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर रुजू झालेला तरुण मास्तर औंध संस्थानचा नोकर आहे. वस्तीवर तालीम उभी राहते आणि त्या निमित्ताने खुद्द राजा तेथे येतो. आज हा प्रसंग वाचताना आपल्याला नवल वाटते. ज्या राज्यात असा प्रसंग स्वाभाविक वाटावा, ते राज्य कसे होते? हे समजण्यासाठी त्याच्या राजधानीचे गाव जाणून घेणे आवश्यक आहे.

3.3 भूमी

औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर वसलेले आहे. सह्याद्रीमुळे अडलेले ढग पूर्वेकडे पोहोचेपर्यंत रिते होतात. म्हणूनच याच जिल्ह्यातील महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना हा भाग पर्जन्यछायेत राहतो. ज्वारी-बाजरीसारखी कोरडवाहू पिके, विहिरींवर अवलंबून असलेली बागायत, मेंढपाळी आणि दुष्काळात पोटासाठी करावे लागणारे स्थलांतर, ही या प्रदेशाची जुनी ओळख होय.

गावालगतच्या डोंगरावर यमाईदेवीचे मूळपीठ आहे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची ती कुलदेवता आहे. पौष महिन्यात तिची यात्रा भरते. ज्यांचे औंधशी अन्य कोणतेही नाते नाही, अशी माणसेही देवीमुळे या गावाशी जोडलेली आहेत.

3.4 संस्थान आणि लोक

छत्रपती राजारामांच्या काळात जिंजी येथे ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण झाले. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्याकडे वंशपरंपरेने राहिले. या घराण्याचे संस्थान लहान व विखुरलेले होते. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे चार तालुके होते.

1909 मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. सूर्यनमस्काराचा त्यांनी हिरिरीने प्रसार केला. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळील माळरान कारखान्यासाठी मिळाले, ते याच संस्थानाकडून. वेदाभ्यासक पं. सातवळेकरांनी येथेच स्वाध्याय मंडळ चालवले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसही भवानरावांनी साहाय्य केले. 1935 च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. यमाईच्या डोंगरावर त्यांनी 1938 मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे, तसेच हेन्री मूर यांचे शिल्पही आहे.

3.5 1939 चा प्रयोग

देशभर संस्थानी प्रजेची चळवळ जोर धरत असताना भवानरावांनी आपले अधिकार प्रजेकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली राज्यघटनेचा आराखडा तयार केला. जानेवारी 1939 मध्ये ही घटना अमलात आली. गावोगावी निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुका समिती आणि त्यावर मध्यवर्ती कायदेमंडळ अशी तिची रचना होती. म्हणजे सत्तेचा पाया राजवाड्यात नव्हे, गावात कल्पिलेला होता.

आटपाडीजवळील ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत याच विचारातून उभी राहिली. तिच्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटाची कथा लिहिली. माडगूळकर बंधू याच संस्थानच्या मातीतले, हे येथे ध्यानात घ्यावे.

या प्रयोगाकडे केवळ कौतुकाने पाहणे मात्र पुरेसे नाही. हे स्वराज्य वरून दिलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या हुकूम ऐकण्याची सवय असलेल्या गावकऱ्यांना सभेत उठून बोलायला शिकण्यासाठी अवधी हवा होता. तो जेमतेम नऊ वर्षांचा मिळाला. मार्च 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याबरोबर ही घटनाही संपली आणि राजधानीचे औंध खटाव तालुक्यातील एक गाव बनले. ज्या स्वातंत्र्याची तयारी म्हणून हा प्रयोग झाला, त्याच स्वातंत्र्यानंतरच्या व्यवस्थेत त्याला स्वतंत्र जागा उरली नाही, हा त्यातील विरोधाभास आहे.

3.6 सारांश

भूमीने औंधला समृद्धी दिली नाही आणि संस्थानाला विस्तारही लाभला नाही. तरीही कला, विद्या आणि लोकसत्ता यांबाबत या गावाने आपल्या आकाराहून मोठा विचार केला. कारभार विलीन झाला तरी संग्रहालय, यात्रा आणि साहित्यातील स्मृती टिकून राहिल्या. स्थानिक इतिहास लिहिताना काय टिकले याबरोबरच काय टिकू शकले नाही आणि का, याचाही शोध घ्यावा लागतो.

3.7 स्वाध्याय

1. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील लोकजीवनाची वैशिष्ट्ये लिहा.
2. ‘औंधचे स्वराज्य वरून दिलेले होते’ या विधानाची चर्चा करा.
3. ‘बनगरवाडी’तील राजाच्या भेटीचा प्रसंग या घटकाच्या आधारे पुन्हा वाचून टिपण लिहा.
4. उपक्रम : तुमच्या गावातील ज्येष्ठांशी बोला. पूर्वी गावाचे निर्णय कोण घेत असे आणि कोणाला विचारले जात नसे, याची नोंद करा.